आठव्या इनिंगपासून खुणा बंद

"...तं मंग तुमीच सांगा, भंतेजी. नऊ इनिंगमध्ये समोरच्या एकाही गड्याले हिट भेटली नाई. मॅच आपन एक-शून्यनं जिंकली. ते कोनं जिंकली?"

सुमेध गवईने प्रश्न टाकला आणि विहाराच्या ओट्यावर मांडी ठोकून बसला. उत्तर त्याला ठाऊक होतं. तेच उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं म्हणून तर तो नागपूरहून तीन तास मोटारसायकल हाकत आला होता.

भंते खेमरत्न ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून चीवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"रन कोनं काढला?"

"कोन्ता रन?"

"एक-शून्यमधला एक."

सुमेधला पटकन आठवेना.

"तो... रामटेकेनं. चवथ्या इनिंगमध्ये. पडत-झडत आला घरी." मग जरा चिडून म्हणाला, "बाप्पा, रन तं कोनीबी काढते!"

भंते सुईत पुन्हा दोरा ओवायला लागले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती आणि अंगठा पुरता मिटत नव्हता, त्यामुळे त्या कामाला वेळ लागत होता. सुमेधने मदतीला हात पुढे केला नाही. त्याच्या डोक्यात मॅच होती.

पोहऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अमरावती मागे पडल्यावर, हा विहार लागतो. एक खोली, एक ओटा, एक कडुलिंब आणि पुढे मोकळी पडीक जमीन. रविवारी वंदनेला दहा-पंधरा माणसं येतात. बाकीचे सहा दिवस भंते असतात आणि कडुलिंबावरचे पोपट असतात. पोपटच बोलतात.

हेच भंते एकेकाळी मेश्राम सर होते. शाळेत शारीरिक शिक्षणाचे मास्तर आणि त्याआधी राज्याच्या बेसबॉल संघाचे कॅचर. आपल्याकडे बेसबॉल म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे क्रिकेटसारखंच ना हो? सरांची उभी नोकरी या प्रश्नाला 'नाही' म्हणण्यात गेली. मग ते निवृत्त झाले, पत्नी वारल्या, मुलगी सासरी होतीच. एक दिवस सरांनी डोकं भादरलं आणि चीवर घेतलं. अमरावतीत आठ दिवस चर्चा झाली आणि नवव्या दिवशी लोक विसरले.

सुमेध त्यांचा शिष्य. पण तो एकटा नव्हता, जोडी होती. सरांनी एकाच वर्गातून अकरा वर्षांची दोन पोरं उचलली होती. ज्याचा हात लांब तो सुमेध, त्याला पिचर केलं. ज्याच्या मांड्या दणकट तो अश्फाक, त्याला कॅचर केलं. बारा वर्षं सुमेधने टाकलं आणि अश्फाकने झेललं.

"पेढे आनले, भंतेजी," सुमेधने पिशवीतून डबा काढला.

"बारा वाजून गेले."

सुमेधने जीभ चावली. भिक्खू दुपारी बारानंतर खात नाहीत, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. डबा पुन्हा पिशवीत गेला.

"सांग," भंते म्हणाले.

"काय सांगू?"

"जे सांगाले आला ते."

सुमेधने सांगायला सुरुवात केली.

यंदा बेसबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली होती आणि परवा तिची शेवटची मॅच झाली. समोरच्या संघाचा पिचर मणिपूरचा, डावखुरा, काटकुळा. त्याचा चेंडू बॅटजवळ येईपर्यंत दिसायचाच नाही. दोन्हीकडचे बॅटर हवेत बॅट फिरवून परत जात होते. पहिल्या तीन इनिंगमध्ये कुणालाच काही सुचलं नाही. चवथ्यात रामटेकेचा तो एक रन झाला आणि मग पुन्हा दोन्हीकडून दारं बंद झाली ती मॅच संपेपर्यंत.

"पाचव्या इनिंगनंतर माह्याशी कोनी बोलत नोतं."

भंतेंनी वर पाहिलं.

"रिवाज हाये तो, भंतेजी. तुमालेबी मालूम हाये. समोरच्याले एकबी हिट भेटली नसली, तं त्या पिचरशी बोलाचं नाई. नजर लागते म्हन्तात. आमचा कोच भायेरचा, क्युबाचा, पन तोबी मानते. कोनी बाजूले बसत नाई. कोनी पाहात नाई. पोरं पान्याची बाटलीबी दूर ठिवून निंगून जायेत."

"वाईट वाटलं?"

"रिवाजच हाये म्हनलं ना."

पण वाईट वाटलं होतं. रिवाज ठाऊक असणं वेगळं आणि तो सोसणं वेगळं. दरवेळी मैदानातून परत यावं, बाकाच्या टोकाला बसावं, शेजारची चार माणसांची जागा रिकामी असावी. हात दुखतोय का एवढंही कुणी विचारू नये. हजारो लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते आणि सुमेधला आपण कुठल्या तरी परक्या गावच्या बसस्टॅंडवर बसलो आहोत असं वाटत होतं. हे त्याने भंतेंना सांगितलं नाही. त्याने सांगितलं ते वेगळंच.

"अन् मंग माह्या लक्षात आलं का आपन एकटेच हावोत. एकट्यानंच कराचं हाये. अन् केलं मी. एकट्यानं."

"अन् अश्फाक?"

सुमेधचं तोंड आंबट झालं.

"त्याचंच तं सांगाले आलो."

त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि ओट्यावर उलगडला. मोठ्या शहराच्या संघाने त्याला बोलावलं होतं. पुढच्या मोसमापासून तो तिकडे खेळणार होता. कागदावर एक रकाना होता, तुमचा कॅचर कोण? पिचरने नाव लिहिलं तर ते त्या कॅचरलाही घेणार होते. नाही लिहिलं तर त्यांचा कॅचर त्यांच्याकडे होताच. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

म्हणजे सुमेधच्या पेनातून एक नाव उतरलं तर अश्फाक त्याच्याबरोबर जाणार होता. नाहीतर बारा वर्षांची जोडी आज संध्याकाळी सुटणार होती.

"मी रिकामा सोडून रायलो," सुमेध म्हणाला. "पन दोघंबी तुमचे. म्हनून म्हनलं, तुमाले इचारून घ्यावं."

"इचारून रायला का सांगून रायला?"

सुमेधने कागदाची घडी नखाने दाबून सपाट केली.

कडुलिंबावर पोपटांचा कालवा झाला आणि थांबला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"काय केलं त्यानं?" भंतेंनी विचारलं.

"काय नाई केलं ते इचारा!" सुमेध उसळला. दोन दिवस दाबून ठेवलेलं एकदम वर आलं. "आठव्या इनिंगपासून त्यानं खुना देनं बंद केलं. बंद! समोर बसला अन् नुसता ग्लोव्ह धरून रायला. टाक बावा काय टाकाचं ते."

आता हे खुणांचं प्रकरण सांगायला हवं. पिचर मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर, माउंडवर, उभा असतो. त्याच्यासमोर बॅटर आणि बॅटरच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर. कॅचरच्या डाव्या हातात ग्लोव्ह असतो, उजवा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताची बोटं तो दोन मांड्यांच्या आडोशाला दाखवतो. एक बोट म्हणजे वेगाचा, दोन म्हणजे वळत खाली बुडणारा. पिचरला पटलं तर तो मान डोलावतो, नाही पटलं तर हलवतो. चेंडू हातातून सुटण्याआधी तो कसला आहे हे मैदानात दोघांनाच ठाऊक असतं.

"पयले मले राग आला," सुमेध म्हणाला. "मंग म्हनलं बरं झालं. समजलं याले. याच्या खुनांची गरजच नाई हे समजलं. शेवटच्या दोन इनिंग मी माह्या मनानं टाकल्या, भंतेजी. सहाच्या सहा गडी आऊट केले."

"हं."

"अन् बॉल वापस कसा देत होता मालूम हाये? घरंगळत! ग्लोव्हानंच ढकलून दे. गोट्या खेळून रायल्यासारखा. मले दरवेळी माउंडवरून खाली उतरून, वाकून उचलावा लागे. हजारो लोकांसमोर."

"हं."

"अन् शेवटचा गडी आऊट झाला. समदे धावत माह्या आंगावर आले. रामटेके आला, कोच आला, राखीव पोरं आली. हा नाई आला. मी पाहून रायलो त्याच्याकडं, अन् हा हाताची घडी घालून, उजवा हात काखेत दाबून सरळ चालता झाला. नवाब!"

सुमेधचा आवाज फाटला. तो रागाने फाटला असं त्यालाही वाटलं.

"दोन दिवस झाले. फोन नाई, काई नाई."

"तू केला?"

"म्या काहून करू?"

भंतेंनी सुई चीवरात खोचून ठेवली.

"खुना आठव्या इनिंगपासून बंद झाल्या."

"हो."

"सातव्यात काय झालं?"

सुमेधला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. पण सातव्या इनिंगची त्याला लाज नव्हती, उलट ती त्याची आवडती गोष्ट होती. गेल्या दोन दिवसांत तीन सत्कारांत त्याने ती सांगितली होती.

"सातव्यात त्यांचा सगळ्यात मोठा बॅटर आला. दोन स्ट्राइक झाल्या, अजून एक भेटली का आऊट. अश्फाकनं दोन बोटं दाखवली. मी नाई म्हनलं. त्यानं पुना दोन दाखवली. मी पुना नाई म्हनलं. तीनदा, भंतेजी! ऐकूनच नोता रायला. माहं डोकं फिरलं."

"मंग?"

"मंग मी मान डोलावली. हो म्हनलं. अन् टाकला वेगाचा!" सुमेधने मांडीवर थाप मारली. "बॅटरनं बॅट फिरवली, बॉल गेला बी होता. आऊट!"

"झेलला अश्फाकनं?"

"कुठी झेलला! सुटला त्याच्या हातून. साधा सरळ बॉल. खाली पडला, मंग यानं ग्लोव्हानंच उचलला अन् बॅटरच्या आंगाले लावला, म्हनून आऊट तरी झाला. बारा वर्सं झेलून रायला अन् ऐन वक्ताले..."

"मान डोलावली होती तू."

"हो."

"दोनले."

"हो. सांगितलं ना."

"अन् टाकला दुसरा."

"...हो."

भंते उठले. पासष्टी ओलांडलेला माणूस उठतो तसे उठले, आधी एक हात ओट्यावर, मग गुडघा, मग दुसरा गुडघा. चीवर खांद्यावर नीट घेतलं.

"बॉल हाये तुह्याजवळ?"

होता. मॅचमधला शेवटचा चेंडू सुमेधने जपून ठेवला होता. तो भंतेंच्या पायाशी ठेवायचा आणि आशीर्वाद घ्यायचा असं त्याच्या मनात होतं. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे केला. भंतेंनी बाजारात वांगं घ्यावं तसा एका हाताने घेतला.

"ग्लोव्ह?"

"बॅगमध्ये हाये."

"घाल. तिथी बस. झाडाखाली."

"म्या?"

"दुसरं कोन हाये इथी?"

सुमेध हसला. म्हाताऱ्याला हुक्की आली आहे असं त्याला वाटलं. तो कडुलिंबाच्या बुंध्याला पाठ करून उकिडवा बसला. आणि त्याच्या लक्षात आलं की बारा वर्षांत तो एकदाही या जागी बसला नव्हता. इथून समोरचा माणूस फार उंच दिसत होता.

"उजवा हात कुठी ठिवू, भंतेजी?"

"अश्फाक कुठी ठेवे?"

सुमेध विचार करू लागला. त्याने खूप विचार केला.

"...मले नाई मालूम."

भंते वीस-बावीस पावलांवर जाऊन उभे राहिले होते. भिक्खूने असं चेंडू घेऊन उभं राहणं नियमात बसतं की नाही, ते जाणकारांनी ठरवावं. भंतेंनी एकदा रस्त्याकडे पाहून घेतलं, एवढं मात्र खरं.

"दे खूण."

सुमेधने मांड्यांच्या मध्ये हात नेला. काय द्यावी? म्हाताऱ्या खांद्यातून वेगाचा काय येणार! त्याने दोन बोटं दाखवली. वळत, खाली बुडणारा.

भंतेंनी मान डोलावली.

सुमेधने ग्लोव्ह जमिनीलगत धरला. खाली बुडणारा चेंडू मातीवर आपटून मागे निसटू नये म्हणून उजवा हातही ग्लोव्हाजवळ नेला. कुणी शिकवलं नव्हतं, हात आपोआप गेला.

भंतेंचा खांदा फिरला. चीवराचं टोक उडालं. चेंडू सुटला आणि तो खाली आलाच नाही. सरळ छातीच्या रोखाने आला. सुमेधने ग्लोव्ह वर घ्यायला पाहिलं, पण ग्लोव्हाआधी मोकळा हात वर आला, आणि चेंडू थेट बोटांच्या टोकांवर बसला.

"आई गं!"

कळ कोपरापर्यंत गेली. चेंडू धुळीत पडला.

"अवो भंतेजी! दोन म्हनलं होतं ना मी! तुमी मान डोलावली होती ना! मान डोलावून दुसराच..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही.

भंतेंनी हात पुढे केला.

"बॉल दे," ते म्हणाले.

सुमेधने उजव्या हाताने चेंडू उचलायला पाहिला. बोटं मिटेनात. मधलं बोट मुळापासून ठणकत होतं. त्याने पुन्हा पाहिलं. मग ग्लोव्हाच्या कडेने चेंडूला धक्का दिला. चेंडू धुळीतून घरंगळत निघाला आणि कसाबसा भंतेंच्या पायापर्यंत पोचला.

भंते वाकले आणि त्यांनी तो उचलला.

"आता खूण दे."

सुमेध हलला नाही.

"दे. कोन्ता टाकू?"

"भंतेजी..."

"देत काहून नाई?"

"बोटं उघडून नाई रायली."

हे बोलून सुमेध तसाच उकिडवा बसून राहिला. त्याची पोटरी थरथरत होती. उन्हाचे कवडसे धुळीवर हलत होते. समोर म्हातारा हातात चेंडू घेऊन उभा होता, आणि पुढचा चेंडू कसला येणार, किती जोरात येणार, छातीवर येणार की गुडघ्यावर, हे सुमेधला काही केल्या कळणार नव्हतं. हा तर थकलेला खांदा. परवाचा खांदा त्याचा स्वतःचा होता. तेवीस वर्षांचा, आणि रागावलेला.

"सहा गडी..." तो पुटपुटला.

भंते उभे होते.

"सहा गडी, भंतेजी. पंचवीस-तीस बॉल. त्याले मालूमच नोतं काय येते ते. एक बी नाई सोडला त्यानं. मोडक्या हातानं... एक बी..."

आणि सुमेध गवई, ज्याच्या नावाने परवा हजारो लोक ओरडले, तो कडुलिंबाखाली उकिडवा बसल्या बसल्या रडायला लागला. ग्लोव्ह तोंडावर धरून रडला. पाचव्या इनिंगपासून जे आत साचलं होतं तेही त्यात बाहेर आलं. बाकाच्या टोकावर तो एकटा होता हे खरंच होतं. पण बॅटरच्या मागे, धुळीत, कुणाला न सांगता दोन इनिंग बसणाऱ्याचं एकटेपण केवढं असेल, हे त्याला आत्ता समजत होतं. आणि ते एकटेपण त्यानेच, मान डोलावून, आपल्या हाताने दिलं होतं.

भंतेंनी त्याला रडू दिलं. जवळ आले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने सुमेधने नाक पुसलं.

"त्यानं सांगितलं काहून नाई? एक मिनिट टाइम मागाचा. माउंडवर याचं. सांगाचं का बावा, तुह्या बॉलनं माहं बोट मोडलं. दुसरा कॅचर आला असता..."

"तुमचा रिवाज होता ना," भंते म्हणाले. "बोलाचं नाई."

सुमेधने मान खाली घातली.

त्याच्या डोळ्यांपुढून आता ती मॅच उलटी जाऊ लागली. सातव्या इनिंगनंतर अश्फाक बाकावर नव्हता, मागे नळावर होता. कोचने त्याला काहीतरी विचारलं होतं आणि अश्फाकने डाव्या हाताने अंगठा दाखवला होता. डाव्या! नवव्या इनिंगमध्ये एक चेंडू सुमेधकडून जरा बाहेर गेला तेव्हा अश्फाक अख्खा आडवा पडून त्यावर झेपावला होता, आणि उठताना त्याने हेल्मेट जमिनीला टेकवलं होतं. सुमेधला तेव्हा वाटलं होतं, किती नाटकं करतो.

त्याला स्वतःची एवढी शरम वाटली की झाडाकडेही पाहवेना.

तो उठला. गुडघे कडकडले. ओट्यावर कागद तसाच पडला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून भंतेंनी मघाशीच त्यावर कात्री ठेवली होती. सुमेधने कागद हातात घेतला. पेन काढलं. दुखऱ्या बोटांत ते नीट धरता येईना.

"याच्यात त्याचं नाव लिहून टाकतो."

"त्याले इचारलं?"

पेन रकान्याच्या वर थांबलं.

इतका वेळ सुमेध एकच धरून चालला होता, की अश्फाकला बरोबर न्यायचं की नाही हे त्याने ठरवायचं आहे. अश्फाकला त्याच्याबरोबर यायचं आहे का, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. आता शिवला. खोट्या होकारावर ज्याने हात मोडून घेतला, त्याने पुन्हा या माणसासमोर बसायला तयार का व्हावं?

त्याने कागदाची घडी घातली. एक, दोन, तीन, चार.

"संध्याकाळपर्यंत त्यायले कळवाचं हाये," तो स्वतःशीच बोलला. मग म्हणाला, "राहू द्या. त्यायचं पाहू नंतर."

भंते पुन्हा ओट्यावर बसले होते. सुई शोधत होते.

सुमेध त्यांच्यापुढे बसला. त्याने हात जोडून तीनदा वंदन केलं. चेंडू भंतेंच्या शेजारी ओट्यावर होता. त्याने तो उचलला नाही आणि त्याबद्दल काही बोललाही नाही. तिथेच बसून राहिला. त्याला जायचं होतं आणि पाय निघत नव्हते.

"अश्फाकची अम्मी रागावन," तो म्हणाला.

"रागावन."

"मी काय म्हनू तिले?"

भंतेंनी सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेला गेला नाही. दुसऱ्या खेपेलाही गेला नाही. सुमेधने हात पुढे केला, सुई घेतली, आपल्या सुजल्या बोटांनी चार वेळा चुकत पाचव्यांदा दोरा ओवून दिला. भंतेंनी सुई घेतली आणि शिवायला लागले.

सुमेध मोटारसायकलपर्यंत गेला. किल्ली लावली. उजव्या हाताने ब्रेक दाबून पाहिला, तोंड वाकडं झालं. अश्फाकचं घर इथून अर्ध्या तासावर होतं. बारा वर्षांत तो त्या घरात हजारदा गेला असेल, दार वाजवण्याची गरज कधी पडली नव्हती. आज त्याला ते दार बंद दिसत होतं. आत अश्फाक, हाताला पट्टी, आणि बाहेर हा.

त्याने किल्ली परत काढली. ओट्यापाशी आला. खालूनच विचारलं.

"भंतेजी... त्यानं दारच नाई उघडलं तं?"

भंतेंनी टाका ओढून घेतला. वर पाहिलं नाही.

"तं भायेर उकिडवा बस. नऊ इनिंग."